गाविलगडाचा तोफरस्ता आणि वर्धा नदीची सरहद्द

देवळी हे गाव वर्धा नदीच्या पूर्वेस आहे, या गोष्टीचे आज कोणास विशेष महत्त्व वाटणार नाही. पुलगावाजवळ नदी ओलांडून पलीकडे गेले, तरी जमीन तीच काळी, पीक तेच कापसाचे, आणि बोलीही थोड्याफार फरकाने तीच. सोयरीक नदीच्या दोन्ही काठांवर सारखीच जुळते. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात अलीकडच्या काठावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि पलीकडच्या काठावर हैदराबादच्या निजामाचा. पुढे दोन्ही काठ इंग्रजी अमलाखाली आले, तरी भेद गेला नाही. अलीकडे मालगुजारी, पलीकडे मुंबई इलाख्याच्या धर्तीची रयतवारी, असा सारापद्धतीचा फरक शंभर वर्षांच्या आसपास टिकला. नदी फार मोठी आहे म्हणून हे झाले नाही. उन्हाळ्यात ती पायउताराने ओलांडता येते. हा भेद एका तहाने उत्पन्न केला, तो तह एका किल्ल्याच्या पाडावाने घडवला, आणि तो किल्ला पडला याचे कारण डोंगरातून हातांनी केलेला सुमारे तीस मैलांचा एक रस्ता हे होय. त्या रस्त्याची हकीकत प्रस्तुत लेखात सांगावयाची आहे.

प्रथम एक नामसादृश्य दूर केले पाहिजे. तह झाला तो देवगावास, देवळीस नव्हे. देवगाव वऱ्हाडात, एलिचपूरच्या बाजूस आहे. इंग्रजी अक्षरांत ही दोन नावे इतकी सारखी दिसतात की घाईने वाचणाऱ्याची फसगत व्हावी. देवळीचा त्या तहाशी संबंध आहे तो एवढाच की, तहाने जी रेघ ओढली तिच्या अगदी कडेला हा मुलूख आला.

तहापूर्वीची स्थिती थोडक्यात अशी होती. वऱ्हाड नावाने निजामाचे असले, तरी तेथील वसुलात भोसल्यांचा मोठा वाटा असे, आणि दोन सरकारांचे कामगार एकाच गावातून आपापला हिस्सा उचलीत. या प्रकाराला दुअमली म्हणत. रयतेच्या दृष्टीने ती सुखाची खचितच नव्हती. परंतु तिच्यामुळे वर्धेचे पात्र म्हणजे परक्या राज्याची हद्द, असेही कोणी मानीत नसे. १८०३ साली इंग्रज आणि शिंदे-भोसले यांच्यात युद्ध पेटले. २३ सप्टेंबरास असईची लढाई झाली. ऑक्टोबरात कर्नल स्टीव्हन्सन याने बऱ्हाणपूर व अशीरगड घेतले. २९ नोव्हेंबर रोजी अकोला प्रांतातील अडगावाजवळ दुसऱ्या रघूजी भोसल्यांचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्या सैन्याचा पराभव झाला. उरलेली फौज गाविलगडाच्या आश्रयास गेली. जनरल आर्थर वेलस्ली, जो पुढे वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून युरोपात प्रसिद्धीस आला, तो आणि स्टीव्हन्सन हे दोघे ५ डिसेंबरच्या सुमारास एलिचपुरास पोचले. जखमींची सोय तेथेच करून ७ डिसेंबरास दोघांनी दोन वाटा धरल्या.

गाविलगड पाहिलेल्या वाचकांस तेथील अडचण सांगावयास नको. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्याकरिता लिहितो. सातपुड्याची जी रांग वऱ्हाडच्या उत्तरेस भिंतीसारखी उभी आहे, तिच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३६०० फुटांवर, हा किल्ला आहे. खाली दक्षिणेस पयनघाटाचे सपाट काळे रान, मागे उत्तरेस मेळघाटचे दऱ्याडोंगर. किल्ल्याच्या नावावरून गवळी लोकांचे मूळ ठाणे येथे असावे असे मानतात. दगडी तटबंदी अहमदशाह वली बहामनी याने १४२५ च्या सुमारास बांधविली आणि पुढे इमादशाहीचा संस्थापक फतहउल्ला याने तिची दुरुस्ती केली. किल्ला दुहेरी आहे: आतला बालेकिल्ला दक्षिणेकडे, आणि त्याला उत्तरेच्या अंगाने कवेत घेणारा बाहेरचा कोट. दक्षिणेकडून दरवाजाशी जाणारी वाट अतिशय उभ्या चढाची, माणसापुरतीच. भिंतीस खिंडार पाडण्याजोग्या तोफा तिकडून चढविणे अशक्यप्राय होते. वायव्येकडील वाटही तोफांच्या कामाची नव्हती. उत्तरेस मात्र लबाडा नावाच्या खेड्याकडून बाहेरच्या कोटापर्यंत डोंगराची सलग धार आली आहे. तेथे तोफा उभ्या करता आल्या तर किल्ला घेता येईल, हे उघड होते. प्रश्न इतकाच की, लबाड्यापर्यंत तोफा न्यावयाच्या कशा? एलिचपुराहून तेथवर जाण्यास डोंगराला वळसा घालून सुमारे तीस मैल चालावे लागे, आणि त्या तीस मैलांत गाडीरस्ता म्हणून नव्हताच. गुराख्यांच्या, वणजाऱ्यांच्या बैलांच्या आणि कोरकू लोकांच्या पायवाटा होत्या.

वेलस्ली आपली तुकडी घेऊन दक्षिणेच्या पायथ्याशी गेला. स्टीव्हन्सन जड तोफा घेऊन डोंगरात शिरला. ज्या गावावरून तो गेला त्याचे नाव इंग्रजी पत्रांतून ‘डामरगाम’ असे येते. ते डोंगराच्या पायथ्याचे धामणगाव, म्हणजे ज्यास आज धामणगाव गढी म्हणतात ते असावे, असे आम्हांस वाटते. आमच्या भागात धामणगाव म्हटले की पुलगावच्या पलीकडचे रेल्वेचे धामणगाव डोळ्यांपुढे येते. त्याचा येथे काही संबंध नाही. ७ तारखेस निघालेली ही फौज १२ तारखेस लबाड्याशी पोचली आणि त्याच रात्री तिने मोर्चे बांधले. म्हणजे पाच-सहा दिवसांत तीस मैल, दर दिवशी पाच-सहा मैल. नुसते चालावयाचे असते तर ही चाल गोगलगायीची म्हणावी लागली असती. परंतु वेलस्लीने किल्ला पडल्यावर जो वृत्तांत लिहिला त्यात, या दिवसांत स्टीव्हन्सनच्या लोकांनी जसे कष्ट उपसले तसे आपण पूर्वी कधी पाहिले नव्हते, असे स्पष्ट म्हटले आहे. जड तोफा व सामान जवळजवळ सर्व अंतर डोंगरांवरून व दऱ्यांतून हातांनी ओढून न्यावे लागले, आणि ज्या रस्त्यांवरून ओढले ते रस्तेही आधी त्या फौजेलाच तयार करावे लागले, असा त्या वृत्तांताचा आशय आहे.

लढाईच्या इतिहासांत हे एक वाक्य म्हणून येते आणि लेखक लगेच खिंडाराकडे व हल्ल्याकडे वळतात. आम्हांस या एकाच वाक्यापाशी थांबावेसे वाटते. तोफ हातांनी ओढणे म्हणजे काय, याचा हिशेब मांडून पाहू.

लबाड्याच्या बाजूस जे मोर्चे बांधले त्यांपैकी एकात अठरा पौंडी गोळ्याच्या दोन व बारा पौंडी गोळ्याच्या तीन लोखंडी तोफा होत्या. दुसऱ्यात बारा पौंडीच्या दोन पितळी तोफा व साडेपाच इंची दोन हॉविट्झर होत्या. अठरा पौंडीच्या लोखंडी तोफेची नुसती नळी सुमारे दोन टन भरते, म्हणजे बंगाली मणाच्या मापाने पन्नास मणांहून जास्त. खालचा गाडा धरला तर एकंदर तीन टनांच्या आसपास वजन होईल. आठ फुटांस एक फूट असा चढ धरू. डोंगरी पायवाट याहून पुष्कळ उभी असते, परंतु रस्ता करणाऱ्याने तो इतका तरी सौम्य केला असे समजू. या चढावर केवळ वजनामुळे तोफ मागे खेचली जाईल ती सुमारे पावणेचारशे किलोच्या जोराने. नव्याने खणलेल्या, न दाबलेल्या मातीत चाक रुतते, त्याचा अडथळा आणखी तीनशे किलोचा धरण्यास हरकत नाही. एक माणूस दोराला खांदा लावून सतत ओढू शकतो तो पंधरा किलोच्या आसपास. म्हणजे एका तोफेस पंचेचाळीस माणसे ही कमीत कमी झाली. त्यांतला एक घसरला, दोर ढिला झाला, की उरलेल्यांवर भार पडणार. शिवाय उंचवट्यावर जो हिसका द्यावा लागतो तो वेगळाच. म्हणून प्रत्यक्षात शंभर माणसे दोराशी व चार-सहा माणसे चाकांशी, दर पावलागणिक चाकामागे दगड टाकीत, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे लागते. गोळ्यांचे ओझे निराळेच. अठरा पौंडीचे शंभर गोळे म्हणजे बावीस मण लोखंड, आणि शंभर गोळ्यांनी कोणत्याही किल्ल्याला खिंडार पडत नाही.

येथे वाचक विचारतील की, बैल व हत्ती कोठे गेले? ते होतेच. वेलस्लीच्या फौजेत म्हैसूरकडील टिपूच्या खिल्लारांतले उत्तम बैल होते, आणि त्याच्या वेगवान हालचालींचे बरेचसे श्रेय या बैलांना दिले जाते. परंतु लांबच लांब जोड्या लावलेली बैलांची रांग सरळ वाटेवर जितकी उपयोगी, तितकी डोंगराच्या वळणावर घातक असते. पुढच्या जोड्या वळण घेऊन पलीकडे गेल्या की दोर वळणाच्या आतल्या बाजूने ताणला जातो, आणि तोफ रस्ता सोडून कड्याकडे किंवा दरीकडे ओढली जाते. बैलांना वळणावर थांबवून, दोर सोडून, पुन्हा जुंपून न्यावे लागते. माणसांना एका हाकेत बाजू बदलता येते. शिवाय उतारावर तोफ पुढे धावू न देता मागून तोलून धरावयाची असते, आणि ते काम बैलाला शिकविता येत नाही. हेच कारण की ‘जवळजवळ सर्व अंतर’ हे शब्द वेलस्लीस लिहावे लागले.

आता रस्त्याकडे वळू. डोंगराच्या कुशीतून रस्ता काढण्याची रीत दोनशे वर्षांत मुळात बदललेली नाही. बदलली ती साधने. उताराच्या वरच्या अंगाची माती व मुरूम खणून खालच्या अंगास टाकावयाचा, म्हणजे अर्धा रस्ता कापलेल्या जमिनीवर व अर्धा भरावावर येतो. भराव पावसाने वाहून जाऊ नये म्हणून खालच्या कडेस चुन्यावाचून रचलेल्या दगडांची ताल घालावयाची. वरून येणारे पाणी कोठून पलीकडे जाईल ते आधीच पाहून तेथे मोरी ठेवावयाची. चांगल्या घाटरस्त्यात वीस फुटांस एक फूट याहून अधिक चढ ठेवीत नाहीत, आणि तेवढा चढ राखण्यासाठी रस्त्याला पुष्कळ वळणे द्यावी लागतात. १८३० च्या नोव्हेंबरात जॉन माल्कमने खुला केलेला बोरघाटाचा रस्ता या जातीचा होता, आणि त्याच्यावरून गाड्या नियमित धावू लागल्या. स्टीव्हन्सनला असा रस्ता करावयाचा नव्हता. त्याचे काम एकदाच तोफ वर जाण्यापुरते होते. म्हणून येथे झाडे तोडली गेली असतील, धोंडे बाजूस लोटले गेले असतील, नाल्याच्या दोन्ही काठांना उतार दिला गेला असेल, ओढ्याच्या पात्रात फांद्या व दगड टाकून चाकापुरती जागा झाली असेल. सातपुड्याचा हा भाग काळ्या पाषाणाचा आहे. थरावर थर, आणि प्रत्येक थराच्या काठाशी पायरीसारखा तुटका कडा. मुरूम कुदळीने निघतो, पण पाषाणाचा थर लागला की पहार, घण आणि सुरुंगाची दारू यांवाचून गती नाही. डिसेंबर महिना होता हे त्या लोकांचे सुदैव. हाच खटाटोप आषाढात झाला असता तर एकही तोफ वर गेली नसती, असे आम्ही निःशंकपणे म्हणतो.

हे काम केले कोणी? वृत्तांतात ‘फौज’ एवढाच शब्द आहे. त्या काळी मद्रासच्या सैन्यात पायोनियर नावाची खणाईकाम करणाऱ्यांची पलटणे १७८० पासून होती, आणि तोफांबरोबर लष्कर म्हणून ओळखले जाणारे खलाशी-मजूर असत. गोऱ्या शिपायांची ९४ वी पलटण व मद्रासी पलटणींचे देशी शिपाई यांनीही दोर ओढले. अधिकाऱ्यांची नावे आहेत. हल्ल्यात पुढे असलेला कर्नल केनी जखमी होऊन पुढे मेला, बालेकिल्ल्याच्या भिंतीवर शिडीने प्रथम चढणारा कॅप्टन कॅम्पबेल होता, हे सर्व लिहिलेले आहे. कुदळ धरणाऱ्या एकाही माणसाचे नाव त्या वृत्तांतात नाही. शिवकालीन किल्ल्यांच्या बाबतीतही आपला अनुभव याहून वेगळा नाही. बांधणाराचे नाव राहते, पाथरवटाचे राहत नाही.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. १३ तारखेस सकाळी तोफा सुरू झाल्या. दक्षिणेकडून वेलस्लीने लावलेल्या तोफांचा फारसा उपयोग झाला नाही. काम केले ते उत्तरेच्या तोफांनी. १४ च्या रात्रीपर्यंत खिंडार पुरेसे झाले आणि १५ डिसेंबर १८०३ (शके १७२५) रोजी सकाळी हल्ला होऊन किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता दरवाजात पडला. दोन दिवसांनी, १७ तारखेस, भोसल्यांचे वकील यशवंतराव रामचंद्र यांच्याशी देवगावचा तह झाला. त्याने कटक प्रांत बालासोरसह कंपनीकडे गेला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख निजामास मिळाला.

या सर्व प्रकरणाची पार्श्वभूमी दुष्काळाची होती, हे लक्षात घेतल्याशिवाय ते पुरते समजत नाही. १८०३-०४ चे साल दख्खनेत भयंकर गेले. आधी होळकरांच्या व पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्यांनी मुलूख उजाड झाला होता, त्यात पाऊस फसला. फौजा ज्या वाटेने जात त्या वाटेचे धान्य त्याच खात. फौजेचे पोट वणजाऱ्यांच्या तांड्यांवर चाले, आणि तांडे जिकडे भाव मिळेल तिकडे जात. ज्याच्याजवळ रोख पैसा त्याच्या छावणीत धान्य, आणि खेड्यात उपास, असा तो काळ होता. लढाई संपून चार महिने होतात तोच याच वेलस्लीला अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) भुकेलेल्यांचे लोंढे पाहावे लागले. १८०४ च्या एप्रिलात त्याने तेथील कलेक्टराला जे पत्र लिहिले ते आमच्या मते गाविलगडाच्या वृत्तांताइतकेच वाचनीय आहे. फुकट अन्न वाटणे ही दुष्काळाशी झगडण्याची सदोष रीत आहे. तिच्यात गैरव्यवहार होतात आणि चहूकडून लोक एकाच ठिकाणी लोटतात, असे तो म्हणतो. म्हणून दुष्काळग्रस्तांचे दोन वर्ग करावे: काम करू शकणारे आणि न शकणारे. पहिल्यांस सार्वजनिक काम द्यावे व त्याचा मोबदला धान्यात द्यावा. दुसऱ्यांस, म्हणजे वृद्ध, आजारी व मुले यांस, ठेवून घेऊन पोसावे.

हे पत्र वाचताना गाविलगडचा रस्ता आठवल्यावाचून राहत नाही. शंभर हात एका दोराला लावले म्हणजे काय घडते ते या माणसाने नुकतेच पाहिले होते. तथापि या विचाराचे जनकत्व त्याला देणे बरोबर होणार नाही. दुष्काळात तळी व तट बांधवून लोकांस पोसण्याची रीत हिंदुस्थानात जुनी आहे. लखनौचा मोठा इमामबाडा १७८४ च्या दुष्काळातच नबाब आसफउद्दौल्याने उभारविला. वेलस्लीच्या पत्रात नवीन होती ती दयेच्या आड उभी असलेली शंका. भुकेला मनुष्य खरोखर भुकेला आहे की नाही, हे कामाच्या कसोटीने पाहावे, ही ती शंका. ती पुढे सरकारी नियमांत स्थिरावली. १८७७ साली सर रिचर्ड टेंपल याने मुंबई इलाख्यात मजुरी कमी करून दिवसाला एक पौंड धान्य व वर थोडी रोकड एवढीच ठरविली, आणि दूरच्या कामावर जाण्याची अट घातली, तेव्हा हजारो लोकांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी यांच्या नेतृत्वाखाली, त्याविरुद्ध निवेदनांमागून निवेदने पाठविली. १८८० च्या दुष्काळ कमिशनानंतर दुष्काळी कामांचे नियम छापील संहितेत आले. आमच्या मध्य प्रांतात १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांत त्याच नियमांनी कामे निघाली, आणि रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडणारी बायामाणसे हे त्या वर्षांचे नेहमीचे दृश्य झाले. मापाने काम आणि मापाने पोट, ही त्यातली मेख. उपाशी मनुष्य माप पुरे करू शकत नाही, म्हणून त्याला मजुरी कमी; मजुरी कमी म्हणून तो अधिक उपाशी. टेंपलच्या वेळी सार्वजनिक सभेचे म्हणणे थोडक्यात हेच होते, आणि ते आम्हांस अगदी रास्त वाटते.

या परंपरेला निराळे वळण मिळाले ते महाराष्ट्रातच. वि. स. पागे यांनी १९६५ पासून सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात ज्या कल्पनेचा पाठपुरावा केला, तिला १९७२ च्या दुष्काळात प्रचंड स्वरूप आले, आणि १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यात काम ही कसोटी न राहता हक्क झाला. मागणाऱ्यास काम देणे सरकारावर बंधनकारक ठरले. २००५ च्या केंद्रीय कायद्याला हाच नमुना पुढे होता. वेलस्लीच्या पत्रापासून येथवर पावणेदोनशे वर्षे गेली, हातांत मात्र तीच कुदळ व तेच घमेले होते.

आता पुन्हा वर्धेच्या काठाकडे. तहाने रघूजी भोसल्यांच्या राज्याचे उत्पन्न फार घटले, पण खर्च घटला नाही. ती तूट भरून काढण्याचा भार उरलेल्या मुलुखावर पडला, आणि उरलेला मुलूख म्हणजे वर्धेच्या अलीकडचा. नवे कर बसले, जुने वाढले, सैन्याचा पगार तुंबला. राजा स्वतःच व्यापार करून पैसा काढू लागला, तेव्हा लोकांनी त्यास ‘बडा बनिया’ म्हणावयास सुरुवात केली. त्यातच पेंढारी. १८११ साली त्यांनी नागपुराची उपनगरेच जाळली, तेथे खेड्यांचा पाड काय? वर्धा जिल्ह्यातील गावोगावच्या मातीच्या गढ्या या काळाची आठवण देतात. त्यांच्या जाड भिंतींकडे पाहून कोणी त्यांस पाटलांच्या वैभवाची खूण समजतात. आमच्या मते ती भीतीची खूण आहे. ज्या वर्षी पीक बुडाले त्याही वर्षी त्या भिंतींची माती कोणीतरी डोक्यावर वाहिलीच होती.

गंमत अशी की, ज्या किल्ल्यासाठी एवढा रस्ता केला तो किल्ला इंग्रजांनी स्वतःकडे ठेवला नाही व निजामासही दिला नाही. गाविलगड व नरनाळा हे दोन्ही किल्ले, चार लाखांच्या लगतच्या मुलुखासह, तहानेच भोसल्यांकडे राहिले. १८१८ च्या उलथापालथीनंतर ते भोसल्यांच्या हातून गेले आणि १८२२ च्या तहाने निजामाच्या वऱ्हाडात सामील झाले. पुढल्याच वर्षी हैदराबादच्या पलटणीतला कॅप्टन रॉबिन्सन जवळच्या पठारावर आला, आणि तेथील हवा साहेबांस मानवली. चिखलदरा तो हाच. येथे कॉफीची लागवड झाली, बंगले उठले, आणि डोंगरात वर जाण्याचे कारण तोफ न राहता उन्हाळा झाला. १८५८ साली तात्या टोपे किल्ल्याचा आश्रय घेतील या भीतीने त्याची तटबंदी पाडून टाकण्यात आली. आज परतवाड्याहून धामणगाव गढीवरून किंवा घटांगवरून मोटारीने चिखलदऱ्यास जाणारे प्रवासी वळणावळणावर थांबून दरी पाहतात, भीमकुंडाशी कीचकवधाची कथा ऐकतात, आणि तासा-दीड तासात वर पोचतात. दरी तीच आहे. स्टीव्हन्सनच्या लोकांना ती पाहावयास सवड झाली असेल असे वाटत नाही.

सरहद्दीचे म्हणाल तर, ती रस्त्याहून पुष्कळ चिवट निघाली. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या व्यवस्थेत आले, पण वर्धा ही हद्द राहिली. १८६१ त मध्य प्रांत झाला. १८६२ त नागपुरातून तोडून वर्धा जिल्हा निर्माण झाला आणि त्याची पश्चिम सीमा म्हणून तीच नदी धरली गेली. जिल्ह्याचे ठाणे प्रथम पुलगावाजवळच्या कवठ्यास होते, ते १८६६ त नव्या वर्धा शहरात आले. १९०३ त वऱ्हाड मध्य प्रांताच्या चीफ कमिशनराखाली जोडले गेले, तरीही देवळीचा शेतकरी मालगुजाराकडे सारा भरीत होता आणि नदीपलीकडचा त्याचा व्याही सरळ सरकारच्या तिजोरीत. मालगुजारी रद्द झाली ती १९५० च्या कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून.